सातव्या महिन्याची मरळ

अप्पांनी ती मरळ घरी आणली तेव्हा मी दहावीचे पेपर तपासत बसले होते. दारात गलका झाला म्हणून बाहेर आले, तर आमचे काटकुळे अप्पा एका ओल्या पोत्याला मिठी मारून उभे, आणि ते पोतं त्यांनाच हलवतंय. मागे निम्मं गाव.

"हौदातलं जुनं पाणी सोडा," एवढंच म्हणाले. काय, कशाला, असं विचारायची सोय नव्हती. मी आणि आईने हौद धुऊन बोरचं ताजं पाणी भरलं आणि अप्पांनी पोतं त्यात उलटं केलं.

मरळ म्हणजे तळ्यातल्या लहान माशांवर जगणारा मासा. सापासारखं डोकं, आणि जीव इतका चिवट की ओल्या पोत्यातही बराच वेळ तग धरते. ही तर मांडीएवढी जाड होती. अप्पा तिला 'म्हातारी' म्हणायचे. कित्येक वर्षं तिने त्यांचे गळ तोडून नेले होते आणि कित्येक वर्षं ते घरी येऊन तिला शिव्या देत होते. आज शिव्या नव्हत्या. हौदाच्या काठावर बसून ते तिच्याकडे असे बघत होते की आईला थोडा रागच आला.

"मला बघायला आलते तवाबी एवढं बघितलं न्हवतं," आई म्हणाली.

"तू हौदात कुठं होतीस सुभद्रे," अप्पा म्हणाले.

एवढा आनंद कशाचा, ते सांगायला हवं. आमच्या घरची एक रीत आहे. लेकीला दिवस गेले की सातव्या महिन्यात तिला माहेरी आणायचं आणि बापाने स्वतःच्या हाताने धरलेली मरळ तिला खाऊ घालायची. विकत आणलेली चालत नाही, भावाने धरलेली चालत नाही. मासा जेवढा मोठा तेवढी लेक लाडकी, असं सरळ गणित. बौद्ध झाल्यावर आमच्या घरातून ओटी गेली, हळदकुंकू गेलं; विहारात वंदना होते आणि कार्यक्रम संपतो. मरळ मात्र राहिली. आमचे आजोबा म्हणायचे म्हणे, ह्यात देव कुठे आला, हा तर मासा आहे.

माझी धाकटी बहीण दीपमाला कमलनगरला दिलेली. तिचा नवरा राजपाल तिथून आसपासच्या खेड्यांना जीप चालवतो. दीपाला तेव्हा पाचवा महिना लागला होता. म्हणजे मरळ दोन महिने हौदात सांभाळायची होती, आणि अप्पांनी ती जावयासारखी सांभाळायला घेतली. वर जाळी टाकली, दुपारचं ऊन लागू नये म्हणून पोतं बांधलं. रोज सकाळी तळ्यावर जाऊन जाळं टाकायचे आणि भांडंभर बारीक मासे जिवंत आणून तिच्यापुढे सोडायचे. "आपल्याच तळ्यातलं खाल्ली पायजे," म्हणायचे, "न्हाईतर रोडावंल."

दीपाची ही दुसरी खेप. तीन वर्षांपूर्वी तिला पहिल्यांदा दिवस गेले होते, आणि तेव्हा अप्पांना सातव्या महिन्यापर्यंत दमच निघाला नव्हता. दर रविवारी मरळ धरायची, आईकडून कालवण करून घ्यायचं, डबा फडक्यात बांधायचा आणि बीदरला बस बदलून कमलनगर गाठायचं. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा त्यांचा जुना हट्ट. त्यामुळे दारातच डबा द्यायचा, दारातच उभं राहून राजपालच्या आईचं उंदरांचं रडगाणं ऐकायचं (ज्वारीची पोती कशी कुरतडली, लुगडं कसं कुरतडलं) आणि मिळेल त्या बसने परत यायचं. सहाव्या महिन्यात ते मूल गेलं. मुलगा होता. नंतर जवळजवळ वर्षभर अप्पांनी गळाला हात लावला नाही. त्याबद्दल घरात कुणी बोललं नाही, आम्ही बोलणारी माणसं असूनही.

आता नीलम्माची गोष्ट. नीलम्मा कलबुर्गीला विद्यापीठात पक्ष्यांवर संशोधन करते. आमच्या तळ्याचा बंधारा मध्यंतरी उंच केला, तेव्हा काठाचं बाभूळबन पाण्यात गेलं. झाडं वाळली आणि त्या वाळक्या फांद्यांवर पाणकावळे आणि बगळे घरटी करायला लागले. नीलम्मा त्यांच्यासाठी यायची. पक्षी अंडी घालतात पण नीट बसत नाहीत, अंडी तशीच सोडून उडून जातात, पिल्लं फार थोडी होतात, हे तिच्या लक्षात आलं होतं. अप्पा तिला तराफ्यावरून फिरवायचे आणि आपल्या मराठमोळ्या कन्नडमध्ये तिला पाणकावळ्यांचा स्वभाव समजावून सांगायचे. मग एकदा तिने वेगवेगळ्या माशांचे तुकडे मागून घेतले. बारीक, मधले, आणि एका मरळीचाही. अप्पांनी हौसेने दिले.

मरळ हौदात आल्यावर आठवडाभराने नीलम्माचा फोन आला. शाळेची मधली सुट्टी होती. ती कन्नडमध्ये बोलत होती आणि नेहमीपेक्षा हळू बोलत होती.

"अक्का, तुमच्या तळ्यातल्या माशांत पारा निघालाय," ती म्हणाली. "बारक्या माशांत अगदी थोडा. मरळीत खूप."

पारा आला कुठून, मी विचारलं. ते अजून शोधायचं आहे, ती म्हणाली. कोळशाच्या धुरातून येतो, कुणी टाकलेल्या कचऱ्यातून येतो, एका जागेवर बोट ठेवता येत नाही. पण बुडालेलं बाभूळबन चिखलात कुजतंय, आणि तशा चिखलात पाऱ्याचं असं रूप होतं की ते जिवांच्या अंगात शिरतं. आधी किड्यांत, मग किडे खाणाऱ्या बारीक माशांत, मग ते मासे खाणाऱ्या पक्ष्यांत आणि मरळीत. लवकर बाहेर पडत नाही, साठत जातं. जेवढा मासा मोठा आणि म्हातारा तेवढं जास्त.

"बारके मासे अधूनमधून खाल्ले तर चालतील," नीलम्मा म्हणाली. "मोठी मरळ कुणीच खाऊ नये. आणि गरोदर बाईने तर मुळीच नाही. पोटातल्या बाळाच्या मेंदूला इजा होते."

खरं सांगते, मला त्या क्षणी हौदातली मरळ आठवली नाही. तीन वर्षांपूर्वीचे ते फडक्यात बांधलेले डबे आठवले.

"त्याने मूल जाऊ शकतं का ग?" मी विचारलं.

"ते कुणालाच सांगता येणार नाही, अक्का. माहीत नाही."

आता माझी पंचाईत बघा. दीपाला ती मरळ खाऊ द्यायची नव्हती, हे तर ठरलंच. पण अप्पांना कारण सांगितलं की ते मागे जाऊन हिशेब करणार, डबे आठवणार, आणि मला एक प्रश्न विचारणार. आणि मी 'माहीत नाही' म्हटलं तर ते त्याचा अर्थ 'होय' असाच घेणार. माझा बाप मला माहीत आहे. त्या प्रश्नाची मला भीती वाटत होती, दुसऱ्या कशाची नाही.

म्हणून मी आधी थापा मारल्या. रोज वर्गात पोरांना खरं बोला म्हणून सांगते, पण घरी आल्यावर तो नियम नसतो.

"दीपाच्या डॉक्टरीणबाई म्हणायल्यात, मासे नकोत म्हणून," मी म्हणाले.

"ती मासे खात नसंल," अप्पा म्हणाले आणि हौदाची जाळी नीट करायला लागले.

मग म्हटलं, एवढी मोठी मरळ एकट्या दीपाला कशी संपणार, देऊन टाकू कुणाला तरी. हे बोलले आणि तोंडघशी पडले. कारण दुसऱ्याच दिवशी शेजारचे सिद्धाप्पा मामा आले. त्यांच्या घरी पूर्वी मेंढ्या होत्या, आता थोडी शेती आणि मजुरी. हौदाशी उभं राहून त्यांनी म्हातारीचं मनभरून कौतुक केलं आणि मग जरा लाजत म्हणाले, "गुंडेअण्णा, आमच्या जगदेवीलाबी दिवस गेल्यात. एक तुकडा मिळाला तर लेकराला ताकद येईल."

त्यांच्या वडिलांच्या काळात त्या घरात आमच्या हातचं पाणी चालत नव्हतं. आता हौदातली मरळ चालते. अप्पांना हे कळत होतं, आणि त्यामुळेच त्यांची छाती फुगली.

"तुकडा काय मागायलास सिद्धाप्पा," ते म्हणाले, "अर्धी तुमची."

मामा खूश होऊन गेले. आणि मी स्वयंपाकघरात जाऊन कपाळावर हात मारून घेतला. एका पोटाच्या जागी दोन झाली होती. आता गप्प राहणं हे शुद्ध पाप होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा बारीक माशांचं भांडं घेऊन हौदाशी आले तेव्हा मी तिथे जाऊन उभी राहिले.

"अप्पा, ते घालू नका तिला."

"कामून?"

"नीलम्माचा फोन आलता. आपल्या तळ्यातल्या मासोळ्यांत पारा हाय. म्हातारीत लई हाय."

त्यांनी पाण्यात पाहिलं. म्हातारी वर आली, तोंडभर हवा घेतली आणि खाली गेली. "काय बी बोलतीस. चांगली धडधाकट हाय की ती."

"अप्पा, बोरचं पाणी दिसायला कसं हाय?"

"चांगलं हाय. आरशावानी."

"मग चहाच्या भगुण्याला पांढरा थर कुठनं चढतोय? रोज थोडा थोडा बसतो, दिसत न्हाई. वर्षानं बघितलं तर नखभर जाड. ह्या बारक्या मासोळ्यांत पारा थोडाच हाय. पर म्हातारी जन्मभर त्याच खात आलीय, आन् खाल्लेलं तिच्या अंगातच बसलंय."

भांड्यातले मासे वळवळत होते.

"मग असू दे की बोरच्या पाण्यात," अप्पा म्हणाले. "दोन महिन्यात धुऊन निघंल."

"मांसात हाय ते. धुऊन जात न्हाई, शिजवून जात न्हाई. वरून तुम्ही रोज तळ्यातलंच आणून घालायलात."

त्यांनी हातातल्या भांड्याकडे असं पाहिलं की मला माझ्या शब्दांचीच लाज वाटली. भांडं त्यांनी हळूच खाली ठेवलं. प्रेमाने चालवलेल्या कामाला मी जणू विष चारण्याचं नाव दिलं होतं.

"आन् पोटातल्या लेकराला?"

"लेकराच्या डोक्याला इजा होती म्हणायलीय."

मग ते म्हणाले, "म्हणून पाणकावळे बसंनात व्हय अंड्यावर."

"नीलम्माला तसंच वाटायलंय."

"मी म्हणलो, ऊन लागायलंय त्यांना."

मी प्रश्नाची वाट बघत उभी राहिले. तो आला नाही. ते उठले, पायात चप्पल घातली आणि सिद्धाप्पा मामांच्या घरी गेले. आपण दिलेला शब्द आपणच परत घ्यायचा, ही कामगिरी त्यांनी माझ्यावर टाकली नाही. मामांनी आधी तोंड वाकडं केलं, मोठा भाग स्वतःला ठेवायचा असेल असं त्यांना वाटलं. मग अप्पा त्यांनाच घरी घेऊन आले आणि परसातल्या जांभ्याच्या लाल जमिनीत पहारीने खड्डा खणायला लागले. ते बघून मामांचं वाकडं तोंड सरळ झालं. ते दुसरी पहार घेऊन आले.

"तळ्यात सोडा की परत," आई म्हणाली.

"उद्या दुसऱ्याच्या गळाला लागंल. त्याच्याबी घरी लेक असंल."

"मग लिंबाच्या बुडाशी तरी पुरा. खत होईल."

"तिथं न्हाई!" अप्पा इतक्या जोराने ओरडले की आई दचकली. ज्या जागेवर काहीही उगवत नाही, तीच जागा त्यांनी निवडली होती. म्हातारीला त्यांनी कसं मारलं ते मी पाहिलं नाही, घरात जाऊन बसले. बाहेर आले तेव्हा खड्डा बुजला होता, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर मोठे दगड ठेवले होते, आणि दोघं म्हातारे घाम पुसत चहाची वाट बघत होते.

पुढचे दोन महिने अप्पा तळ्याच्या बंधाऱ्यावर जाऊन बसायचे. कुणाच्या हातात मोठी मरळ दिसली की उठून त्याच्याशी बोलायचे. काही जण ऐकायचे, काही हसायचे. तळ्याचा ठेका घेतलेला माणूस एकदा घरी येऊन भांडून गेला. नीलम्मा आणखी माणसं घेऊन आली, चिखलाचे नमुने घेतले; तळ्याकाठी सूचनेची पाटी लावू असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. पाटी अजून लागायची आहे. तोवर अप्पाच पाटी.

पण मला त्यांनी तो प्रश्न विचारला नाही. जेवताना घास हातात धरून थांबायचे, मग जेवायला लागायचे. मी त्यांच्यासमोर बसायचंच टाळायला लागले. न विचारलेला प्रश्न घरात असला की घर लहान वाटतं.

सातव्या महिन्यात राजपालने दीपाला जीपमधून आणून सोडलं. म्हातारीचं काय झालं ते मी तिला फोनवर सांगितलं होतं. डब्यांबद्दल मात्र चकार शब्द काढला नव्हता. पण ती माझी बहीण आहे, तिला जोडून घ्यायला कितीसा वेळ लागणार.

वंदनेच्या दिवशी पहाटेच अप्पा जाळं घेऊन गेले आणि बोटभर लांबीचे बारीक मासे घेऊन आले. अंगणात पाट टाकला, शेजारी चुलीतली राख घेतली, आणि एकेक मासा दगडावर घासून साफ करायला बसले. जन्मात त्यांनी मासा साफ केला नव्हता. धरणं आपलं काम, पुढचं बायकांचं, असा त्यांचा थाट. आई दोनदा "द्या इकडं" म्हणून आली, दोनदा त्यांनी तिला हाकललं. इतके बारीक मासे, त्यांची खवलं काढायची, पोटं काढायची, डोकी काढायची. ऊन वर आलं, तरी ते मान खाली घालून बसलेले. मोठ्या मरळीने लेक किती लाडकी ते एका नजरेत कळतं. ह्या माशांनी ते कळायला सकाळभर बसून बघावं लागलं. मी बघितलं, आणि मला रडू आलं.

विहारातून आल्यावर आईने चिंच घालून तिखट कालवण केलं, ज्वारीच्या भाकरी केल्या. दीपा जेवायला बसली. अप्पा तिच्या समोर भिंतीला टेकून बसले. ती खात होती, बोटं चाटत होती, आणखी मागून घेत होती. ते बघत होते.

आणि मग त्यांनी विचारलं. मला नाही, तिला.

"दीपा, तवा मी डबे आणायलो होतो की, मरळीचे."

"व्हय."

"ते समदे तूच खायाचीस?"

आईचा भाकरी थापणारा हात थांबला. दीपाने मात्र तोंडातला घास चावला, गिळला, पाण्याचा घोट घेतला.

"कुठलं खाते अप्पा!" ती म्हणाली. "तवा मला मासळीचा वासच सहन व्हत न्हवता. झाकण काढलं की उलटी. तुम्ही बसमध्ये बसलात की मी समदं मांजराला घालायची."

"मांजराला?"

"सासरच्या मांजराला. ही एवढी लठ्ठ झालती ती!" आणि तिने डाव्या हाताने मांजर किती लठ्ठ ते दाखवलं.

"मला सांगितलीस का न्हाई कवा?" अप्पांचा आवाज चढला.

"तुमाला वाईट वाटलं असतं."

"अगं, दर ऐतवारी म्या बीदरच्या स्टँडावर डबा मांडीवर घेऊन बसायचो! सांडंल म्हणून बसमध्ये डुलकी घेत न्हवतो! आन् मांजर? माझी मरळ मांजर खायली?"

"मलाबी ठाव होतं," आई भाकरी तव्यावर टाकत म्हणाली. तिला काहीही ठाऊक नव्हतं. पण आमच्या आईला खोटं बोलताना डोळा लवलेला मी कधी पाहिला नाही.

अप्पा कितीतरी वेळ ओरडत होते. मांजराला, राजपालला, बीदरच्या स्टँडाला, सगळ्यांना त्यांनी शिव्या दिल्या. ओरडता ओरडता डोळे पुसत होते. त्यांच्या शिव्या ऐकून मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

कारण मला खरं माहीत होतं. त्या वेळी दिवाळीच्या सुट्टीत मी दीपाकडे राहिले होते. डबा उघडला की ती भाकरीचीही वाट बघायची नाही. मरळीचं डोकं चोखून चोखून खायची, डब्याला लागलेलं कालवण बोटाने पुसून घ्यायची, आणि म्हणायची, अक्का, अप्पांना सांग, पुढच्या बारीला जास्त आणा.

आपलं जेवण उरकून अप्पा हात धुवायला परसात आले. राख त्यांच्या नखांत गेली होती, निघत नव्हती. मी तांब्याने पाणी घालत होते.

"संध्या," ते हळू म्हणाले, "त्या घरात मांजर न्हाई."

मी पाणी घालायची थांबले.

"राजपालची माय दर बारीला उंदराचं रडगाणं सांगायची. मांजर असती तर उंदीर राहिले असते का?" त्यांनी पंच्याला हात पुसले. परसातल्या त्या दगडांकडे एकदा पाहिलं. "दीपाला सांगू नको, मला कळालंय म्हणून. लेकरानं एवढं केलंय माझ्यासाठी."

मी नुसती मान हलवली.

ते पायऱ्या चढून आत गेले. आत दीपाच्या ताटात दोन-चार मासे अजून शिल्लक होते. त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि मोठ्याने म्हणाले, "दीपे, ह्या बारीला मांजराला काय ठिवू नको. समदं तूच संपव."